चौथी शिडी

यंदा उन्हाने घाई केली आणि बागेतली नासपतीची फळं पंधरा दिवस आधीच रंगावर आली. बागवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. नीट उजाडलं तसा तो मिस्त्रींच्या अंगणात येऊन उभा राहिला आणि कुणी बस म्हणायच्या आत बोलला, "मिस्त्री, आठ शिड्या हव्यात. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी. होतील का नाही, तेवढं आत्ता सांगा."

मिस्त्री लाकूड तासायच्या वाकसाला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. दगडावर पाणी शिंपडलं, दोनदा पातं फिरवलं आणि मग म्हणाले, "गेल्या साली दुकानातून आणल्या होत्यात ना चकचकीत? त्यांचं काय झालं?"

"त्यांचं नाव काढू नका. दोन माणसं पडली. एकाची कंबर गेली ती गेलीच. आता तोडणीची माणसं तोंडावर सांगतात, मिस्त्रींच्या हातची शिडी असेल तर चढू, नाहीतर फळं आपोआप पडतील तेव्हा वेचू."

"काय सांगतात?"

"मिस्त्रींच्या हातची असेल तर चढू."

"मला हल्ली ऐकायला कमी येतं. परत एकदा म्हणा."

बागवाल्याने निमूट परत म्हटलं. गरज होती बिचाऱ्याला. म्हातारा पोटातून हसला आणि ओसरीवर करवतीला कानस लावत बसलेल्या मुलाकडे वळून म्हणाला, "ऐकलंस का रे पाचर? मिस्त्रींच्या हातची म्हणतात."

पाचरने ऐकलं होतं. न ऐकून करतो काय.

पाचर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण एक्केचाळीस वर्षांच्या त्या माणसाला दुसरं नाव उरलंच नव्हतं. चौदाव्या वर्षी त्याने पहिल्यांदा एकट्याने दाराची चौकट जोडली होती. सांध्यात फट राहिली, ती त्याने पातळ पाचर ठोकून, वरून भुसा चोळून झाकली. बापाने ते बरोबर हेरलं. एक थोबाडीत मारून गप्प बसला असता तर तो बाप कसला. त्याने पाचर उपटली, पोराच्या हातात दिली आणि त्या घरापासून चौकापर्यंत जो भेटेल त्याला ती दाखवायला लावली. त्या दिवसापासून पाचर. लग्न ठरवताना बायकोच्या माहेरच्यांना आधी वाटलं, हे आडनाव असेल.

त्यानंतर सत्तावीस वर्षं तो बापाच्या हाताखाली राबला. फळ्या चिरल्या, भोकं पाडली, ओझी वाहिली. पण शिडीचा दांडा निमुळता करण्याचं काम म्हाताऱ्याने कधी त्याच्या हाती दिलं नाही. तेवढं केलं की माणूस मिस्त्री होतो, असं म्हातारा मानायचा, आणि त्या घरात एका वेळी एकच मिस्त्री मावत होता.

नासपतीची झाडं उंच आणि फांद्या दाट. रुंद डोक्याची शिडी फांद्यांत शिरत नाही, शिरली तर फळं झोडपते. म्हणून शिडीचे दोन्ही दांडे बुडाशी साडेतीन बोटं जाड आणि शेंड्याशी दीड बोट. मधे कुठे फुगवटा नाही, कुठे खड्डा नाही. बुडापासून शेंड्यापर्यंत गेरूची दोरी ताणून एकच रेघ मारायची. रेघेच्या बाहेरचं लाकूड काढून टाकायचं, पण सरळ वाकस चालवला तर लाकडाची शीर धरून ढलपी फाटत जाते आणि रेघेच्या आत घुसते. म्हणून आधी वीतवीतभर अंतरावर करवतीने आडव्या खाचा मारायच्या, रेघेपर्यंत. मग वाकसाने खाचांच्या मधले तुकडे उडवायचे आणि शेवटी रंधा, जाडीकडून निमुळत्याकडे. खाचा पाचरने मारायच्या. वाकस आणि शेवटचा रंधा मिस्त्रींचा.

आणि एक नेम होता, म्हाताऱ्याच्या बापापासूनचा. शिडी गिऱ्हाइकाला द्यायची ती करणाऱ्याने आधी चढून. गिऱ्हाइकासमोर वरून दुसऱ्या पायरीवर जायचं, तीन उड्या मारायच्या, खाली उतरायचं, मग शिडी न्या. आठ असल्या तर आठातली एक. म्हातारा अडुसष्टाव्या वर्षीही स्वतः चढायचा आणि वर गेल्यावर उगाच इकडेतिकडे बघत बसायचा, तमाशाला आल्यासारखा.

पहिले चार दिवस काम सुरळीत झालं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर वर्षभरात साय आली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलायची कुणाची टाप नव्हती. रेघ मारताना तो दोरी पाचरला धरायला लावी आणि नंतर दांड्यावर अंगठा फिरवून बघे. अंगठ्याचं कातडं तळपायासारखं झालेलं, पण त्या अंगठ्याला कागदाची जाडी कळायची. "इथे केसभर आहे," म्हणायचा, आणि असायचं.

पाचवा दिवस गुरुवार. बागवाला मुकादमाला घेऊन काम बघायला आला. तीन शिड्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. चौथीचा डावा दांडा लाकडी घोड्यावर चढवून पाचर खाचा मारत होता. ऊन कपाळावर आलं होतं. घाम भुवईतून डोळ्यात उतरत होता, आणि हात करवतीत असल्यामुळे पुसता येत नव्हता.

मुकादमाने शिड्यांवरून हात फिरवला आणि सहज म्हणाला, "मिस्त्री, तुमच्यामागे हे कोण करणार? मुलगाच ना?"

"हा?" म्हातारा म्हणाला. "याला मी खाचा मारायला ठेवलाय. खाचा मारायला अक्कल लागत नाही. रेघ दिसली की थांबायचं. माकडालासुद्धा शिकवलं तर जमेल. फक्त माकड भाकरीला बायको आणि पोरगी जोडून आणत नाही."

मुकादम खो खो हसला. बागवालाही हसला, पण जरा बेतानं, कारण स्वयंपाकघराच्या दारात सूनबाई पाण्याचे पेले घेऊन उभी होती. तिने पेले खाली ठेवले आणि आत गेली. पाचरला वाटलं, ही करवत घ्यावी आणि उठावं. पण तो उठला नाही. जन्मात कधी उठला नव्हता. त्याने राग हातात उतरवला आणि हात चालवत राहिला, मागे पुढे, मागे पुढे, आणि भानावर आला तेव्हा करवतीचं पातं रेघ ओलांडून गेलं होतं.

थोडंथोडकं नाही. पाऊण बोट.

त्याने करवत हळूच बाहेर काढली आणि पुढची खाच मारायला घेतली. तेव्हाच बोलला असता तर दांडा गेला असता, दुसरा घेतला असता, एक दिवसाचं काम वाढलं असतं. एवढंच. पण बागवाला उभा होता, मुकादम उभा होता, त्याच्या ओठांवर हसू अजून वाळलं नव्हतं. माकडाला जमतं ते याला जमलं नाही, हे त्या दोघांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगायचं? त्याच्याच्याने झालं नाही. म्हटलं, हे जाऊ देत, मग सांगू.

ते गेले. म्हाताऱ्याने वाकस घेतला आणि तुकडे उडवायला सुरुवात केली. खाचांमधले तुकडे टपाटप उडाले, खाचा नाहीशा झाल्या. एक सोडून. सातव्या आणि आठव्या पायरीच्या मधे, शिडी टेकवली की झाडाकडे येईल त्या अंगाला, केसासारखी काळी रेघ तेवढी राहिली. म्हाताऱ्याला ती दिसली नाही. पाचरला दुसरं काही दिसेना.

दुपारी जेवून म्हातारा ओसरीवर आडवा झाला आणि घोरायला लागला. पाचर स्वयंपाकघरात गेला, लाकूड चिकटवायच्या सरसाचं डबडं चुलीवर ठेवलं आणि काडीने ढवळत बसला. सरसाचा तो कुजका वास घरभर झाला. बायको भांडी घासत होती.

"काय करताय?"

"काही नाही."

"काही नाही करायला सरस लागतो होय?"

तो डबडं उचलून बाहेर गेला. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि त्याच्या मागोमाग अंगणात आली. त्याने सरसात चाळलेला बारीक भुसा कालवला, पत्र्याच्या तुकड्याने तो खाचेत दाबला, वरचा पुसून काढला, दांड्यावर ओलं फडकं फिरवलं. सत्तावीस वर्षांत हात सुधारला होता. चौदाव्या वर्षी असं जमलं असतं तर आज नाव वेगळं असतं.

बायको सुताराची मुलगी होती. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"कुठल्या अंगाला आहे?"

"झाडाकडच्या."

"म्हणजे ओझं आलं की उघडणार."

"वरच्या अंगाला असती तर दबून बसली असती," तो म्हणाला. "नशीबच फुटकं."

"नशिबाला कशाला बोल लावता. सांगून टाका मामंजींना. चार शिव्या देतील."

"चार?"

चारांवर भागणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं. गावात फिरवलं होतं तेव्हा तो चौदाचा होता. आता घरात लग्नाला आलेली मुलगी होती, मामाकडे गेली होती, परत येणार होती. तिच्या कानावर हे जाणार. तिला बघायला येणाऱ्यांच्या कानावर जाणार. शिवाय बागवाला. तो म्हणेल, ज्याला खाच मारता येत नाही त्याच्या घरच्या शिडीवर माझी माणसं चढवू?

"चढणार कोण?" तिने विचारलं.

दोघांनी एकदमच ओसरीकडे बघितलं. म्हातारा तोंड उघडं टाकून घोरत होता. छातीवरची पांढरी लव वरखाली होत होती.

"आठात एक," पाचर म्हणाला. "कुठली घेतील काय ठाऊक."

"आणि ही राहिली तर बागेतलं कुणीतरी."

"तू भांडी घास."

ती गेली. सांगा म्हणाली नाही, सांगू नका असंही म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सासऱ्याच्या ताटात दोन अंडी जास्त घातली, आणि ते पाचरने बघितलं. वीस वर्षांत त्या बाईने म्हाताऱ्याला आपणहून काही जास्त वाढलं नव्हतं.

अंडी खाताना म्हातारा म्हणाला, "आज कुठला सण आहे सूनबाई?"

"कष्टाचं काम चाललंय. म्हटलं अंगाला लागेल."

"अंगाला," म्हातारा म्हणाला आणि बोटं चाटली. मग चौथीचा डावा दांडा मांडीवर घेतला आणि बुडापासून अंगठा फिरवायला सुरुवात केली. पाचर समोर भोकं पाडत बसला होता. गिरमिट त्याच्या हातात फिरेना. अंगठा चढत चढत आला, सातवीच्या खुणेपाशी आला, आठवीपाशी गेला, शेंड्याला पोचला. कुठे थांबला नाही. पाचरच्या हातातलं गिरमिट परत फिरायला लागलं.

"पाचर."

"हं."

"काही सांगायचंय?"

"मला? नाही."

"बरं." म्हाताऱ्याने दांडा बाजूला ठेवला. "पायऱ्या ठोक मग हिला. आणि ठोकून झाली की उन्हात ठेव."

"बाकीच्या सावलीत आहेत."

"बाकीच्या सावलीतच राहू देत. ही उन्हात ठेव."

उन्हात सरस आखडतो. पाचरला ते कळत होतं, पण म्हाताऱ्याच्या लहरी काय कमी होत्या, असं त्याने मनाला समजावलं. संध्याकाळी बघितलं तर फटीच्या कडेला पुन्हा ती काळी रेघ उमटली होती. त्याने तेलाचं फडकं घेतलं आणि शिडी वरपासून खालपर्यंत चोपडून काढली. तेलाने लाकूड काळसर झालं आणि रेघ त्यात बुडाली.

"तेल कुणी सांगितलं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कोरडी वाटली."

"एकच कोरडी वाटली?"

मग त्याला झालेल्या चारही शिड्यांना तेल लावावं लागलं. रात्री जेवताना म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं, काही सांगायचंय का. शनिवारी दुपारी पुन्हा. प्रत्येक वेळी तसंच, चव नसलेल्या आवाजात, मीठ आहे का विचारावं तसं. पाचर प्रत्येक वेळी नाही म्हणाला. पहिल्यांदा लाजेने म्हणाला. दुसऱ्यांदा भीतीने. तिसऱ्यांदा मात्र त्याने बापाच्या जाड मानेकडे बघितलं, सत्तावीस वर्षांचं सगळं एकदम आठवलं आणि त्याच्या मनात साफ उमटलं, चढू दे. एकदा पडू दे. वरून गंमत बघत बसतो ना, पडू दे. हे मनात आलं आणि त्याला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

पुढच्या आठवड्यात उरलेल्या चार शिड्या झाल्या, त्यांनाही तेल लागलं, आणि ठरलेल्या रविवारी सकाळी बागेत माणसं जमली. तोडणीचे वीसेक गडी, बायका टोपल्या घेऊन, मुकादम, बागवाला. आठ शिड्या गाडीतून उतरवून ओळीने झाडांना टेकवल्या. नासपती लगडली होती, काही फळं पडून फुटली होती आणि त्यांच्यावर गांधीलमाश्या घोंघावत होत्या. पाचरची बायको घरून चहाची किटली घेऊन आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"मिस्त्री, कुठल्या शिडीवर चढताय?" बागवाल्याने विचारलं.

म्हाताऱ्याने ओळीवरून अंगठा फिरवत नेला. पहिली, दुसरी, तिसरी. "ही घ्या," तो म्हणाला. "चौथी."

आठात एक, आणि तीच. बागेतल्या सगळ्यात उंच झाडाला मुकादमाने ती लावली. आता बोललं पाहिजे, असं त्याला वाटलं. म्हातारा शिडीपाशी गेला, चपला काढल्या, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला. सगळे बघत होते. पाचरही बघत होता. तो काही बोलला नाही, हे इथे स्पष्ट सांगितलं पाहिजे. तेवढा वेळ त्याला मिळाला होता.

मग म्हाताऱ्याने पाय खाली घेतला.

"आज मी नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझे डोळे गेले. लपवून काय करू. आजपासून मिस्त्री हा. यानंच चढायचं."

आणि त्याने मुलाला नावाने हाक मारली. जे नाव आई गेल्यापासून कुणी घेतलं नव्हतं, ते.

गड्यांमधे कुजबुज झाली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बागवाल्याने पाचरच्या पाठीवर थाप मारली, "चला मिस्त्री, होऊन जाऊ द्या." मिस्त्री. सत्तावीस वर्षं ज्या शब्दाकडे तो उष्ट्याकडे बघावं तसा बघत आला होता तो शब्द वीस माणसांसमोर त्याच्या अंगावर घातला गेला, आणि त्याच क्षणी त्याला सगळं कळलं. त्याने बापाकडे बघितलं. साय आलेले ते डोळे बरोबर त्याच्या तोंडावर रोखलेले होते.

"का रे," म्हातारा शांतपणे म्हणाला, "काही सांगायचंय?"

आता काय सांगायचं होतं? मघाशी बाप चढत होता तेव्हा गप्प होतो, आता माझी पाळी आली म्हणून सांगतो, हे?

किटली आपटली. बायको दोन पावलं पुढे आली होती. तिने तोंड उघडलं.

"काय सूनबाई?" म्हातारा तिकडे न बघता म्हणाला. "तुला सांगायचंय?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. पाचरने मान हलवली. नको. तिचं तोंड मिटलं, पण हात तसाच पुढे राहिला.

तो चढला. उजव्या दांड्याशी अंग चिकटवून, ओझं सगळं उजवीकडे टाकत, मांजरासारखा. खालून एकजण म्हणाला, "मिस्त्री तिरके तिरके चालले की." सगळे हसले. सातवी पायरी आली. त्याने डावा पाय नुसता टेकवला. आठवी. काही झालं नाही. नववी, दहावी. अकरावी, म्हणजे वरून दुसरी, आली तरी शिडी उभी होती. खाली म्हातारा दोन्ही हातांनी शिडीचं बूड धरून उभा होता, वर तोंड करून. त्याच्या केसांमधलं टक्कल दिसत होतं. पाचरला वेड्यासारखी आशा वाटली. सरस चांगला बसला असेल. खाच वाटली तेवढी खोल नसेल.

"उड्या," म्हातारा म्हणाला.

पहिली उडी त्याने टाचा उचलून नुसती दाखवल्यासारखी केली.

"नीट."

दुसरी त्याने मारली. काहीतरी बारीक तडकलं, पापड मोडावा तेवढंच. त्याने झाडाची फांदी धरायला हात टाकला, हातात पानं आली, आणि डावा दांडा सातवी आणि आठवीच्या मधे सरळ मोडला.

पडताना आवाज झाला तो लाकडाचा होता का हाडाचा, यावर गडी नंतर बरेच दिवस वाद घालत होते.

बायको धावली. मुकादम धावला. म्हाताऱ्याने आधी मोडका दांडा उचलला. मोडलेल्या तोंडावर अंगठा फिरवला. अर्धं तोंड फाटलेलं, तंतू तंतू, आणि पाऊण बोट साफ, करवतीचं, वर पिवळा सरस. तो त्याने बागवाल्याला दाखवला, मुकादमाला दाखवला, जवळ उभा होता त्या गड्याला दाखवला.

"तुम्हाला माहीत होतं," बायको म्हणाली. ती नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसली होती. ती ओरडली नाही, तिला श्वासच पुरत नव्हता. "त्या शुक्रवारीच अंगठ्याला कळलं तुमच्या. पोटच्या पोराला चढवलंत."

"त्यालाही माहीत होतं," म्हातारा म्हणाला. "बापाला चढवत होता. तुलाही माहीत होतं. अंडी उगाच नाही वाढलीस."

पाचरच्या मांडीतलं हाड विजारीतून वर आलं होतं आणि तिथे कापड ओलं होत चाललं होतं. गाडी आणायला माणूस गेला. बागवाला डोक्याला हात लावून म्हणत होता, झालं, आता कोण चढणार, आता एक माणूस चढणार नाही.

"का नाही चढणार?" म्हातारा म्हणाला. "सात शिड्या माझ्या हातच्या आहेत."

आणि तो चढला. पहिली शिडी, अकरावी पायरी, तीन उड्या, खाली. दुसरी. तिसरी. पाचवी चढताना त्याला धाप लागली, तो मधे थांबला, खोकला, वर गेला. गाडी येईपर्यंत पाचर झाडाखाली पडून होता. वेदनेने डोळ्यांसमोर अंधारी येत होती, तरी त्याला त्या उड्या ऐकू येत होत्या, एकवीसच्या एकवीस. एकही पायरी करकरली नाही. शेवटच्या शिडीवरून उतरून म्हाताऱ्याने चपला घातल्या आणि बागवाल्याला सांगितलं, "न्या. आठवी मी परवा देतो."

पाय राहिला, पण वाकत नव्हता. दवाखान्यात सांगितलं, काखेत काठ्या घ्याव्या लागतील, बहुतेक कायमच्या. घरी आणल्यावर तो खिडकीपाशी खाटेवर पडून राहिला. मुलगी मामाकडून आली, बापाच्या पायाशी बसली, काही विचारलं नाही. तिला वाटेतच सगळं कळलं होतं. बायको सासऱ्याशी बोलत नव्हती, ताट वाढून समोर सरकवत होती. म्हातारा जेवत होता. मुलाला नावाने हाक एकदाच मारली होती, ती पुन्हा मारली नाही.

चार दिवस अंगणातून करवतीचा, मग वाकसाचा, मग रंध्याचा आवाज येत राहिला. पाचवा दिवस उजाडला तेव्हा खिडकीतून पाचरला दिसलं, म्हातारा दोन्ही काखांत कुबड्या घेऊन अंगणात चालतोय. एक पाय वर उचलून धरला होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला, परत आला. मग अंगणाच्या मधोमध थांबला आणि सगळं अंग कुबड्यांवर टाकून तीन उड्या मारल्या. शेजारीण कुंपणावरून बघत होती, तिला हसावं का काय करावं कळेना.

आत येऊन त्याने कुबड्या दाराला टेकवल्या. खाटेपासून दार सहा पावलं होतं.

"आण इकडे," पाचर बायकोला म्हणाला.

"नको आणू सूनबाई," म्हातारा म्हणाला. "हव्या तर येईल घ्यायला."

आणि तो बाहेर गेला. बायकोने सासऱ्याच्या पाठीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि जाऊन कुबड्या आणून दिल्या. त्याने एक मांडीवर आडवी घेतली. काखेकडे जाड, खाली उतरत उतरत निमुळती, टोकाला जाड रबर. त्याने बुडापासून अंगठा फिरवला. हळू हळू, जीव अंगठ्यात आणून. कुठे खड्डा लागतो का, कुठे कडा लागते का, कुठे सरसाचा गुळगुळीतपणा. चारी अंगांनी फिरवला. दुसरी घेतली, तिच्यावर फिरवला.

"सापडलं काही?" अंगणातून आवाज आला.

पाचरने अंगठा पुन्हा एकदा बुडापासून टोकापर्यंत नेला.

"नाही," तो म्हणाला.

"मग टाक ओझं. आणि ये बाहेर. बागवाल्याला आणखी चार हव्यात."

बायकोने धरून त्याला उभं केलं. त्याने काखांत कुबड्या घेतल्या आणि ओझं टाकलं. त्या जराही करकरल्या नाहीत. सहा पावलं चालून तो दारात आला तेव्हा अंगणात, बसून पोचेल एवढ्या उंचीवर, घोड्याला नवा दांडा लावून ठेवलेला होता. त्याच्यावर गेरूची रेघ मारलेली होती, आणि करवत शेजारी होती.